वाडीतलं घर आणि बंदुकीची निवड: रिव्हॉल्व्हर की बारा बोअर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत आईवडील दोघंच राहतात. वडील ७२ वर्षांचे, आई ६६. घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं, मागे परसू, तिन्ही बाजूंना कलमांची बाग. सगळ्यांत जवळचं घर सव्वाशे मीटरवर. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची (तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) बंदूक आहे. मुलगा मुंबईला असतो. शेजारच्या वाडीत दोन बंद घरं फुटल्यापासून आईला रात्रीची झोप लागत नाही. घराच्या रक्षणासाठी परवाना काढायचा तर रिव्हॉल्व्हरचा काढावा की लांब नळीच्या बंदुकीचा?

लांब नळीच्या. त्यातही १२ बोअरची (बोअर हे नळीच्या रुंदीचं माप), गुळगुळीत नळीची, साधी दुनळी. आणि तीसुद्धा दारं, उजेड आणि फोन यांची कामं पुरी झाल्यावर. रायफल या कामासाठी अजिबात नको. रिव्हॉल्व्हर कोणाला शोभेल तेही पुढे सांगतो, पण तुम्ही वर्णन केलेल्या घरात ते हातात घेणारं माणूस मला दिसत नाही.

आधी कायदा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नाकारण्याजोगं कारण नसेल तर असा परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि रायफल यांच्यासाठी मात्र ‘योग्य कारण’ तुम्हाला पटवून द्यावं लागतं. परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे तुमच्यासाठी ओरोसला, आणि पोलिसांचा चौकशी अहवाल त्याआधी. ‘घर एकटं आहे’ एवढ्या कारणावर रिव्हॉल्व्हरचा अर्ज अडतो. दुनळीचा अर्ज तुलनेने सरळ जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका राहू शकतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. वडिलांची ठासणीची या दोनांतली एक धरली जाते, हे अर्ज करताना लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. वडिलांच्या नावाची बंदूक आईने उचलली तर ती विनापरवाना शस्त्र हाताळते. वडील सोसायटीत किंवा देवळात गेले असताना आईच घरात एकटी असणार असेल, तर अर्ज आईच्या नावाने करा. प्रशिक्षण आईला द्या. बंदूकही आईच्या खांद्याला लावून बघून घ्या.

आता घर. कोकणातलं जुनं घर समोरून मागे एका रेषेत असतं: खळं, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार. पुढचं दार उघडं असेल तर ओटीवरून परसातली विहीर दिसते. म्हणजे आत चाललेली गोळी दहाबारा मीटर सरळ जाते आणि मागच्या दारातून बाहेर पडते. बाहेरच्या भिंती नऊ इंची जांभ्या चिऱ्याच्या असतात. छर्रा आणि रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्यात अडकते. पण आतल्या खोल्यांना वेगळं करणारी भिंत अनेकदा फळ्यांची, प्लायवूडची किंवा पत्र्याची असते. त्या पडद्याने रिव्हॉल्व्हरची .३२ ची गोळी थांबत नाही. पलीकडच्या खाटेवर कोण झोपलं आहे हे गोळी बघत नाही. .३१५ रायफलची गोळी तर असे अनेक पडदे ओलांडून बाहेर पडेल आणि मैलभर पुढेही माणूस मारू शकेल. म्हणून रायफलचा विचार इथेच सोडा.

बाहेरच्या अंगाला कलमांची बाग आहे. फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत बागेत राखणीला माणसं झोपतात, पुष्कळदा नेपाळी कामगार, कधी झाडाखालच्या खोपटीत, कधी मचाणावर. रात्री दोन वाजता बागेतला हलता बॅटरीचा उजेड चोराचा आहे की राखण्याचा, हे खळ्यातून कळणार नाही. चोर दिसला तरी बागेच्या दिशेने एकही बार काढायचा नाही, हे घरात आधीच ठरलेलं असावं. छर्रा इथे थोडा कमी घातक ठरतो. चार मिलीमीटरचा बीबी छर्रा साधारण तीनशे मीटरपर्यंत जाऊन मरतो. .३२ ची गोळी वर तोंड करून सुटली तर किलोमीटरच्या वर जाते. ‘हवेत एक बार काढतो, पळून जातील’ हा सल्ला वाड्यावाड्यांतून मिळतो, तो ऐकू नका. ती गोळी कुणाच्या तरी कौलावर उतरते. जीव धोक्यात येईल असा निष्काळजी गोळीबार हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग हातातल्या वजनाचा आणि नेमाचा मुद्दा. ‘रिव्हॉल्व्हर लहान, म्हणून म्हाताऱ्या माणसाला सोपं’ असं वाटतं, प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. लहान नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांत सुमारे १२ सेंटीमीटर अंतर असतं. हात थरथरून पुढची माशी फक्त २ मिलीमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी १२ सेंटीमीटर बाजूला जाते. दुनळीत डोळा ते नळीच्या टोकावरचा मणी हे अंतर ९०-९५ सेंटीमीटर भरतं. तेवढेच २ मिलीमीटर चुकले तर सात मीटरवर फरक दीड सेंटीमीटरचा. शिवाय दुनळीला चार आधार असतात: खांदा, गाल आणि दोन हात. रिव्हॉल्व्हर फक्त मनगटावर लोंबतं.

चापाचंही तसंच. घोडा न ओढता रिव्हॉल्व्हर उडवायचं तर चापाला साधारण साडेचार ते सहा किलोचा जोर लागतो. संधिवाताच्या बोटाने तो लावताना सगळी मूठ वळते आणि नळी खाली-डावीकडे जाते. घोडा आधी ओढून ठेवला तर चाप दोनेक किलोवर येतो. पण घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर, घामेजलेला हात आणि अंधार या तिन्हींची जोडणी माणसांना जखमी करते. पिस्तुलाची वेगळी अडचण. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं मानलं जातं, आणि नळीच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या बुडाच्या जागेत, एक काडतूस तसंच राहतं. पिस्तुलाच्या बऱ्याच अपघातांचं मूळ हेच आहे. दुनळी बिजागरीवर मधोमध मोडली, म्हणजे उघडली, की दोन्ही घरं डोळ्यांसमोर उघडी. भरलेली आहे की रिकामी हे अंधारात अंगठ्यानेसुद्धा चाचपता येतं. घरात नातवंडं येणार असतील तर मला हा एक गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

रिव्हॉल्व्हरला सरावही जास्त लागतो, आणि सरावाची जागा तुमच्याजवळ सहज मिळत नाही. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजपर्यंत देवगडहून जायचं तर जाण्यातच एक दिवस जातो. वर्षातून एकदा सहा गोळ्या उडवणाऱ्याच्या हातात रिव्हॉल्व्हर म्हणजे फक्त धीर येण्याची वस्तू. दुनळीचा हात तुलनेने लवकर बसतो आणि रिकाम्या सरावाने टिकतो.

रिव्हॉल्व्हर बरं कधी? एक हात मोकळा ठेवणं भाग असतं तेव्हा: मूल कडेवर आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ओढून न्यायचं आहे, रोकड घेऊन प्रवास आहे. छोट्या तिजोरीत ते सहज मावतं हाही फायदा. कानपूरचं .३२ चं सहा बारी रिव्हॉल्व्हर किंवा २०१४ साली आलेलं, अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’, दोन्ही नीट बनलेली शस्त्रं आहेत. ज्याचा हात आधीच बसलेला आहे, जो महिन्याला सराव करू शकतो, आणि ज्याचं घर फ्लॅटचं, अरुंद बोळाचं आहे, त्याने ते घ्यावं. तुमच्या आईवडिलांकडे यातलं काही नाही.

लांब नळीचा खरा तोटा जागेचा. ३० इंच नळीची दुनळी दस्त्यासकट १२० सेंटीमीटरच्या आसपास भरते. माजघराचं दार बुटकं, उंबरा उंच, वर तक्तपोशी. बंदूक आडवी धरून फिरलात की नळी चौकटीला अडते, आणि दारापलीकडच्या माणसाला आयता दांडा हातात मिळतो. यावर उपाय नळी आखूड करणं हा नाही. कानस किंवा करवत लावलीत तर परवानाच जाईल. २० इंचांखालची नळी कायद्याच्या त्या सवलतीत बसत नाही. उपाय एकच: फिरायचं नाही. चोर शोधत घरभर हिंडणं हे पोलिसांचं काम आहे, आणि तेही एकट्याने करत नाहीत.

तर घरातली एक खोली आधीच पक्की करा. बहुतेक घरांत ती माजघराला लागून असलेली आतली खोली असते. दाराला आतून आडणा, जाड फळीचा. खिडकीला लोखंडी गज. आत फोन, पाण्याची बाटली, औषधं, चार्ज केलेली बॅटरी. आवाज आला की दोघांनी तिथे जायचं, दार लावायचं, ११२ फिरवायचा, शेजाऱ्याला फोन करायचा, मोठ्याने ओरडून सांगायचं की पोलिसांना फोन केला आहे. ज्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे तिथे एका फोनने नोंदवलेल्या सगळ्या घरांना निरोप पोचतो. ती सुरू नसेल तर सरपंचांकडे आग्रह धरा. बंदूक या खोलीतल्या तिजोरीत. खोलीच्या त्या एका दारावर नजर ठेवून, भिंतीच्या कोपऱ्यात बसून, नळी जमिनीकडे. दार तोडून कोणी आत आलं तरच ती वर येते. एवढीच तिची जागा.

या आखणीत दुनळीचा लांबपणा आड येत नाही, कारण तुम्ही हलतच नाही. आता ती निवडताना काय बघायचं ते.

आईने दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवावा आणि हात नळीच्या दिशेने सरळ ठेवावा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज आलं तर दस्ता मापात आहे. बोट पुढे पोचत नसेल तर दस्ता लांब आहे. असा दस्ता काखेत अडकतो, बंदूक खांद्याऐवजी दंडावर बसते आणि बार झाल्यावर दंड काळानिळा होतो. सुतार दस्ता कापून देऊ शकतो, पण तिरका कोन राखून. त्यामुळे हे काम शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडूनच करून घ्या. मागे रबरी पट्टा बसवा. वजन तीन किलोच्या आसपास असू द्या. फार हलकी बंदूक खांद्याला जास्त मारते.

जुन्या घरांतून विलायती दुनळी विकायला निघतात. नळीवर तपकिरी पिळाची नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. ती काळ्या दारूसाठी बनलेली असते, आजचं काडतूस तिच्यात कधीही घालायचं नाही. जुन्या नळीच्या बुडाशी ६५ मिलीमीटर किंवा अडीच इंच असा ठसा असेल तर तिच्यात ७० मिलीमीटरचं काडतूस बसतं खरं, पण त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बंदूक बंद झाली म्हणजे काडतूस बरोबर आहे असं समजू नका, ठसा वाचा. घरात २० बोअरची बंदूक असेल तर तिची काडतुसं १२ च्या डब्यात मिसळू देऊ नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून १२ चं भरलं की नळी फाटते.

दोन चाप असतात. पुढचा उजवी नळी उडवतो, मागचा डावी. डाव्या नळीचं तोंड बहुधा जास्त आवळलेलं असतं, लांबच्या माऱ्यासाठी. खोलीत पहिला बार नेहमी पुढच्या चापाने. बिनघोड्याची दुनळी उघडून बंद केली की आतले घोडे आपोआप चढतात, आणि बहुतेक बंदुकांत सेफ्टीही आपोआप मागे येते. तुमची येते की नाही हे विकत घेतानाच बघा, कारण सवय त्याप्रमाणे लावावी लागते. पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायची) बंदूक जास्त काडतुसं घेते, पण घाबरलेल्या हाताने पंप अर्धवट मागे ओढला की काडतूस आडवं अडकतं. म्हाताऱ्या हातांना दुनळीच देईन.

एक गैरसमज आधीच काढून टाका. ‘छर्ऱ्याची बंदूक नुसती रोखली तरी लागते’ हे खोलीत खरं नाही. छर्रे ढोबळमानाने दर मीटरला अडीच सेंटीमीटर पसरतात, आवळलेल्या नळीतून त्याहूनही कमी. पाच मीटरच्या माजघरात त्यांचा घोस तळहाताएवढाच असतो. नेम धरावाच लागतो.

काडतूस कोणतं? देशी बाजारात खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं रूढ आहेत. एलजी आणि एसजीचे दाणे जाड असतात, ते पडदे आणि दारं ओलांडतात. घरासाठी बीबी किंवा ४ नंबर पुरेसं आहे. पाच मीटरवर ते पुरतं, आणि फळीपलीकडे गेलं तरी जोर पुष्कळ गळालेला असतो. ‘गळालेला’ म्हणतोय, ‘संपलेला’ नाही. आई जिथे बसणार आणि वडील जिथे झोपणार ती रेषा नळीसमोर येणार नाही अशी खोली मांडा. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात तो आकडा परवान्यावर असतो. त्यातली निम्मी सरावाला ठेवा.

बंद खोलीत १२ बोअरचा बार झाल्यावर काही मिनिटं कान बधिर होतात आणि भडक्याने अंधारात डोळे दिपतात. मग चोर पळाला की दाराआड उभा आहे हे ऐकूच येत नाही. म्हणून बार व्हायच्या आधी बोलणं, ओरडणं, दिवा लावणं. बघण्यासाठी बंदुकीवर बॅटरी बांधू नका. बॅटरी वेगळ्या हातात, दुसऱ्या माणसाकडे. ज्याच्यावर उजेड पाडाल त्याच्यावर नळी रोखली जाता कामा नये. तो शेजारचा मुलगाही असू शकतो, फोन लागला नाही म्हणून धावत आलेला.

आता खारा वारा आणि पाऊस. किनाऱ्यावर बंदुका वापरून झिजत नाहीत, ठेवून सडतात. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक ठेवू नका. म्यान ओल शोषतं आणि नळीला धरून ठेवतं. लोखंडी कपाट जमिनीपासून चारपाच इंच वर, आणि पश्चिमेच्या भिंतीला लावून तर मुळीच नाही, कारण पावसाचा मारा तिथेच असतो आणि चिरा पाझरतो. चिरा मऊ असल्याने साधा प्लग आणि स्क्रू जोर लावला की भुकटीसकट बाहेर येतो. आरपार बोल्ट घाला आणि भिंतीच्या पलीकडे लोखंडी पट्टी द्या, किंवा काँक्रीटच्या खांबाला बांधा. बॅटरीवर चालणारं आकड्यांचं कुलूप खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं आणि नेमकं त्या रात्री उघडत नाही. साधं किल्लीचं कुलूप घ्या. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, देवघरात किंवा फडताळावर नाही.

कपाटात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत. रंग बदलला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर तासभर हलवून कोरडं करा, पुन्हा वापरता येतं. मृगापासून हस्तापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, एरवी महिन्यातून एकदा नळी साफ करा. सळईला पितळी ब्रश, मग कोरडं फडकं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल तेल लावू नका. ते चिकट होतं, थंडीत गोठतं, आणि चापाच्या कळा जाम होतात. हात लावलेली प्रत्येक लोखंडी जागा शेवटी पुसा. घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस होऊन उठतात.

काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नका. तेल बुडाच्या टोपीतून आत झिरपतं आणि काडतूस मुकं होतं. ती हवाबंद स्टीलच्या डब्यात, सिलिकाच्या पुडीसह, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. बुडाचं पितळ कळकलं असेल, हिरवट पूड दिसत असेल, किंवा काडतूस नळीच्या घरात बोटाने अलगद न जाता ढकलावं लागत असेल, तर ते बाजूला काढा. दरवर्षी जुनी काडतुसं सरावाला आणि नवी डब्यात. सरावात एखादं उडालंच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. दारू उशिरा पेटू शकते.

घरातला सराव डमी काडतुसांवर करा, कारण रिकाम्या घरावर चाप ओढत राहिल्याने टोचणी, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आपटणारी सुई, तुटू शकते. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत. महिन्यातून दोनदा दहा मिनिटं: कपाट उघडणं, बंदूक मोडून बघणं, दोन डमी घालणं, बंद करणं, खांद्याला लावणं, पुन्हा रिकामी करणं. आईला अंधारात हे सगळं मिनिटभरात जमलं पाहिजे. जमत नसेल तर बंदूक नको, दार आणखी जाड करा. दाराने मिनिटभर वेळ मिळवून द्यायचा आणि त्या मिनिटात बंदूक भरायची, अशी ही वाटणी आहे. भरलेली बंदूक उशाशी ठेवून ती वाटणी मोडू नका.

दाराच्या कामाला लागणारा पैसा बंदुकीपेक्षा बहुधा कमीच असतो. कौलारू घरात चोर पुष्कळदा कौलं काढून उतरतो. कौलांखाली रिपांना वेल्डेड जाळी मारून घ्या. परसदाराला लोखंडी पट्टी आणि आतून आडणा. पावसात वीज जाते, म्हणून खळ्यात आणि परसात हालचालीवर लागणारे सोलर दिवे. कुत्रा ठेवलात तर रात्री पडवीत, साखळीने खळ्यात नाही, बिबट्या त्याला नेतो. बिबट्यासाठी बंदूक उचलायची नाही हेही सांगून ठेवा. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

वडिलांची ठासणीची बंदूक या कामाला का चालणार नाही, तेही सांगतो. एक बार, मग पुन्हा दारू, बोळा, छर्रे, गज, टोपी. पावसाळ्यात भरून ठेवलेली दारू ओल धरते, आणि भरून ठेवलेली ठासणीची बंदूक भिंतीवर टांगणं हा घरातला सर्वांत मोठा धोका आहे. आधी भरलेली आहे हे विसरून कोणी तिच्यावर पुन्हा ठासलं की नळी फुटते. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत सोडा आणि तोंडाशी येईल तिथे गजावर ब्लेडने खूण करा. पुढे कधीही गज घातल्यावर खूण तोंडाच्या वर राहिली, तर नळीत काहीतरी आहे. काळ्या दारूची काजळी ओल ओढते, म्हणून वापरानंतर आधी गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग तेल. त्या बंदुकीचा परवाना पिकासाठी आहे, तो तसाच राहू द्या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला की बंदूक वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देता येतो. वडील ७२ चे आहेत, तेव्हा ते काम आता सुरू करता येईल.

बंदूक चालवण्याचा हक्क किती, याची सीमा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ४१ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घर फोडून शिरणं, जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जीव जाईल वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती निर्माण करणारी घरघुशी, यांत मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत जातो. पण कलम ३७ त्याला लगाम घालतं: पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर बार, बागेतल्या आंबाचोरावर बार, वईवरून (कुंपणावरून) उडी मारणाऱ्यावर बार: हे कशातच बसत नाही. आईवडिलांना हे वाचून दाखवा, समजावून सांगा, त्यांच्याकडून परत ऐका. बार झालाच तर बंदूक मोडून रिकामी करून खाली ठेवायची, ११२ ला फोन, जखमीला रुग्णवाहिका, आणि जागेवरची कुठलीही वस्तू हलवायची नाही.

आता जे विचारलेलं नाही, पण ज्याचा विचार केल्याशिवाय अर्ज करू नये. वडिलांना विसरायला होतं का? रात्री उठून ‘कोण आलंय’ असं विचारतात का? घरात कोणी रोज पितं का? मन खचलेलं, जेवण सुटलेलं कोणी आहे का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर घरात बंदूक येऊ देऊ नका, आणि असलेली ठासणीचीही रीतसर जमा करा. चोर वर्षातून एखाद्या रात्री वाडीत येईल किंवा येणारही नाही. खचलेलं माणूस रोज त्या कपाटासमोरून जातं.

शेवटचा मुद्दा निवडणुकांचा. निवडणूक जाहीर झाली की छाननी समितीच्या निर्णयानुसार बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते, आणि ती निकालानंतरच परत मिळते. त्या दिवसांत घराचं रक्षण दारं, दिवे आणि शेजारी यांच्यावरच असतं. म्हणून ती कामं आधी. जमा करताना बंदूक तेल लावून, क्रमांकासह पावती घेऊन द्या. परत आणल्यावर भरण्याआधी ती मोडून नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघा. कुंभारमाशी चार दिवसांत नळीत मातीचं घर बांधते, आणि त्या मातीच्या गोळ्यामागून बार काढला तर नळी मधोमध फुगते किंवा फाटते. आत स्वच्छ गोल प्रकाश दिसला तरच काडतुसांचा डबा उघडा.